रंग ठरला, वजन राहिले

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात लाल कंधारी आणि देवणी एकाच मैदानावर उभी राहतात. त्यांना ओळखायला पशुवैद्य लागत नाही. एक अंगभर तांबडे, दुसरे पांढऱ्यावर काळे, कपाळ फुगीर, कान लोंबते. पंच वशिंड पाहतात, पाठीची रेघ पाहतात, शिंगांचा बाक, खुरांचा रंग आणि चाल पाहतात. पण हा वळू वर्षाचा असताना किती किलो भरला होता, त्याच्या बापाची इतर वासरे त्याच वयात किती भरली, असे विचारले तर सहसा कोणाकडेच उत्तर नसते. गुरांची वाढ आणि बांधा यांत आनुवंशिकतेचा वाटा किती, या प्रश्नावर जगभर गेल्या तीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. नांदेड-लातूरच्या गोठ्यातून त्याकडे पाहिले की मात्र या एका न विचारलेल्या आकड्याशीच अडखळायला होते.

आधी जनावरांबद्दल. लाल कंधारीचे घर म्हणजे कंधार, मुखेड, लोहा, नायगाव आणि लगतच्या लातूर-परभणी-हिंगोलीचा काही भाग. चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजाने ही जात जोपासली, अशी कथा बहुतेक माहितीपुस्तिकांत येते. कंधारचे वैभव ज्या राष्ट्रकूटांशी जोडले जाते ते त्यानंतर चारेक शतकांनी आले, त्यामुळे कथा कथेसारखीच ऐकावी. देवणीचे नाव लातूरमधल्या देवणी गावावरून आले. तिचा पट्टा देवणी, उदगीर, निलंगा आणि पलीकडे कर्नाटकात बिदर-भालकीपर्यंत जातो. हा सगळा मुलूख निजामाच्या काळात बिदर जिल्ह्यातच होता, म्हणून जातीला राज्याची सीमा कळत नाही. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून साधारण दोनशे वर्षांपूर्वी देवणी घडली असे मानतात. तिचे कपाळ आणि कान पाहिले की गीरचे नाते मान्य करावेसे वाटते. वानेरा, शेवरा आणि बालंक्या असे तिचे तीन प्रकार लोक रंगावरूनच पाडतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंड काळे, शेवऱ्यावर काळे ठिपके, बालंक्या बहुतेक पांढरा.

दोन्ही जाती बैलांसाठी घडल्या. देवणी दुधालाही बरी, कंधारी त्या मानाने कमी. पण हाळी-हंडरगुळीच्या बाजारात रुमालाखाली हात घालून जो सौदा होतो तो जोडीचा होतो. दात किती, चाल जुळते का, रंग जुळतो का, एवढे पाहिले जाते. आपल्याकडच्या निवडीचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांत आहे.

या इतिहासाचे एक मोठे यश मान्य करायला हवे. हातात जनुकशास्त्र नसताना कंधारच्या शेतकऱ्यांनी एका रंगाचे जनावर पक्के केले. ते जमण्याचे कारण असे की रंग मोजक्या जनुकांच्या हातात असतो. गुरांच्या अठराव्या गुणसूत्रावर एमसी-१-आर नावाचे जनुक आहे. केसात काळे रंगद्रव्य बनायचे की तांबडे, याची मुख्य कळ तिथे आहे. या जनुकाचे काम बंद पाडणारा बदल आई आणि बाप दोघांकडून आला की युरोपी जातींची गुरे तांबडी होतात, आणि अशा दोन तांबड्यांचे वासरू तांबडेच निपजते. झेबू म्हणजे वशिंडवाल्या गुरांत याच्या जोडीला अगूटी जनुकही रंग गडद-फिका करते. ब्राझीलमधल्या नेलोरे वळूंच्या मानेवर आणि वशिंडावर येणारा काळपटपणा त्याच्याशी जोडला गेला आहे. कंधारीचा वळूही गायीपेक्षा गडद असतोच. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांसाठी किट आणि एमआयटीएफ ही जनुके युरोपी जातींत पुन्हा पुन्हा सापडतात. एकूण काय, डोळ्याला दिसणारा आणि थोड्या जनुकांवर चालणारा गुण चार-सहा पिढ्यांत हवा तसा वळवता येतो. गोऱ्हा जन्मला त्या दिवशीच तो कळतो, त्यासाठी वाट पाहावी लागत नाही.

वाढीचे तसे नाही. २०१८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने १७ समूहांतल्या ५८,२६५ गुरांची उंची आणि त्यांचा डीएनए एकत्र तपासला. उंचीशी ठामपणे जोडता येणाऱ्या जागा १६३ सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून उंचीतल्या फरकापैकी फार तर १३.८ टक्के उलगडा झाला. उरलेली आनुवंशिकता इतक्या बारीक बारीक परिणामांत विखुरलेली आहे की एवढ्या गुरांतही ती एकेकटी पकडता आली नाही. वजनाचेही तसेच. एक जनुक दहा ग्रॅम इकडे, दुसरे पंधरा ग्रॅम तिकडे, अशा हजारोंची ती बेरीज असते. गावातल्या जाणत्याने दहा वर्षे वळूकडे एकटक पाहिले तरी ही बेरीज डोळ्याला दिसणार नाही.

या नियमाला दोन-तीन ठळक अपवाद आहेत, आणि वर्तमानपत्रांत नेमके तेच येतात. बेल्जियन ब्लू गुरांचे ते अवाढव्य पुठ्ठे मायोस्टॅटिन या एकाच जनुकातून ११ अक्षरे गळाल्यामुळे आले, हे १९९७ साली कळले. मायोस्टॅटिनचे काम स्नायूंच्या वाढीला लगाम घालणे. तो लगाम तुटला आणि मांस वाढले. त्याची किंमत अशी की या गायींची बहुतेक वासरे पोट फाडून काढावी लागतात. मुखेडच्या गोठ्यात, जिथे रात्री अडलेल्या गायीसाठी डॉक्टर पोहोचेपर्यंत उजाडते, तिथे असले जनुक कोणी फुकट दिले तरी घेऊ नये.

दुसरा अपवाद आपल्या जास्त जवळचा आहे. न्यूझीलंडमध्ये होल्स्टिन आणि जर्सी यांच्या संकरित पिढ्यांवर काम करताना चौदाव्या गुणसूत्रावरच्या पीएलएजी-१ या जनुकाजवळचे काही बदल उंची आणि वजन यांवर चांगलाच परिणाम करतात, असे २०११ मध्ये दिसले. ज्या दोन जातींच्या रेतमात्रा गेली कित्येक दशके मराठवाड्यातल्या दवाखान्यांत येतात, त्याच या दोन जाती. होल्स्टिन थोराड आणि जर्सी लहानखुरी का, याच्या उत्तराचा एक तुकडा या ठिकाणी आहे. पुढे ऑस्ट्रेलियात ब्राह्मण गुरांमध्ये हाच भाग तपासला गेला. ब्राह्मण म्हणजे आपल्याच गीर, कांक्रेज, ओंगोल, कृष्णाकाठी अशा गुरांपासून अमेरिकेत बनलेली जात. तिच्यात युरोपी गुरांकडून आलेला पीएलएजी-१चा ‘मोठा’ प्रकार निवडीच्या जोरावर पसरला होता. तो असलेली जनावरे वजनाला भारी, पण वयात उशिरा येणारी निघाली.

माझ्या मते मराठवाड्यासाठी सगळ्या आढाव्यातला कळीचा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे ‘वाढ चांगली’ म्हणताना दोन निराळ्या गोष्टी एकात मिसळतात. एक, जनावर किती मोठे होते. दुसरी, ते किती लवकर मोठे होते. इथल्या शेतकऱ्याला पैसा मिळतो तो दुसऱ्या गोष्टीतून. कालवड आपल्या पूर्ण वजनाच्या साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर पोहोचली की माजावर येते. देवणी-कंधारीच्या कालवडी पहिल्यांदा वितात तेव्हा चौथे वर्ष सरत आलेले असते किंवा सरलेले असते. एवढी वर्षे ती कडबा खाते आणि काही देत नाही. तिला वर्षभर आधी वजन गाठता आले तर एक अख्खे वेत हाती लागते. गोऱ्ह्याचेही तसेच, तो लवकर भरला तर लवकर जुंपता येतो.

याउलट मोठे प्रौढ शरीर हा दुष्काळी भागात खर्च आहे. जनावराला नुसते जगवायला लागणारा चारा वजनाच्या पाऊणाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. हिशेब करून पाहा, ३५० किलोच्या गायीऐवजी ४५० किलोची गाय दावणीला आली तर दूध-वासरू सोडून नुसत्या पोटाला सुमारे २० टक्के चारा जास्त लागतो. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात दावणीची गुरे ज्यांनी विकली नाहीत, त्यांना हे वीस टक्के समजावून सांगावे लागणार नाहीत. म्हणजे हवी ती लवकर वाढणारी आणि लवकर थांबणारी गुरे. अडचण अशी की वासराचे वजन आणि प्रौढ वजन यांच्यामागे बरीचशी सामाईक जनुके असतात. वर्षाच्या वजनावर निवड केली की प्रौढ वजनही पाठोपाठ चढते. वाढीची रेघ सुरुवातीला उभी आणि पुढे आडवी करायची, तर दोन्ही वजने नोंदवून एकाला वर आणि दुसऱ्याला जागेवर ठेवणारी निवड करावी लागते. जगात हे केले गेले आहे, पण मापाशिवाय कुठेच केले गेलेले नाही.

मग यात आनुवंशिकता किती आणि चारा-पाणी किती? जन्मवजन आणि वर्षाचे वजन यांची आनुवंशिकता साधारण ०.३ ते ०.४च्या आसपास निघते. याचा अर्थ उदाहरणाने सांगतो. कळपाची वर्षाच्या वयाची सरासरी १२० किलो आहे आणि तुम्ही १४० किलो भरलेले नर-मादी निवडले. फरक वीस किलोंचा. आनुवंशिकता ०.३ धरली तर पुढच्या पिढीला त्यातले सहा किलो मिळतील. बाकीचे चौदा किलो त्या निवडलेल्यांच्या नशिबाचे होते: आईला दूध जास्त होते, जन्म दिवाळीनंतर हिरवा चारा असताना झाला, जंत कमी पडले. सहा किलो कमी वाटतात, पण ते पिढीगणिक साठत जातात. सरकी पेंडीने वाढवलेले चौदा किलो पुढच्या पिढीला पुन्हा पेंड घालूनच मिळवावे लागतात.

यात आईचा वाटा वेगळा मोजावा लागतो. दूध तोडेपर्यंत वासराचे वजन आईच्या कासेवर अवलंबून असते, आणि आपल्याकडे त्यात माणूसही वाटेकरी असतो. दोन सड वासराला, दोन घराला, असा हिशेब जिथे चालतो तिथे तीन महिन्यांच्या वासराचे वजन हे वासराचे जनुक, आईचे जनुक आणि घरात चहाचे किती कप होतात या तिघांची गोळाबेरीज असते. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या वजनावर बापाची पारख करणे अन्यायाचे.

जनुक आणि परिस्थिती यांची नुसती बेरीज होत नाही, कधी कधी क्रमच उलटतो. क्वीन्सलँडमधल्या बेलमाँट केंद्रात गोचीड, जंत, ऊन आणि निकृष्ट चारा हे सगळे दूर करून गुरे गोठ्यात पोसली, तेव्हा हिअरफर्ड-शॉर्टहॉर्न वंशाची गुरे ब्राह्मणपेक्षा वेगाने वाढली. तीच गुरे कुरणावर त्या सगळ्या त्रासात सोडली, तेव्हा ब्राह्मण पुढे गेले. ब्राह्मणची वाढीची कमाल क्षमता कमी, पण उपाशीपोटी जगण्याचा खर्चही कमी आणि त्रास सोसण्याची ताकद जास्त. हे वाचल्यावर देवणी ‘मागास’ आणि होल्स्टिन ‘प्रगत’ अशी वाटणी करणे थांबवायला हवे. कोणत्या गोठ्यात, हे विचारल्याशिवाय त्या वाटणीला अर्थ नाही.

संकराचा प्रयोग मात्र मराठवाड्यात गंभीरपणे झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टिन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ तयार केली गेली, आणि तिच्या वाढीच्या, दुधाच्या नोंदी ठेवल्या गेल्या. इथे निदान वजनकाटा होता, हे श्रेय द्यायलाच हवे. पहिल्या संकरित पिढीत वासरे देशीपेक्षा जोमाने वाढतात, कालवडी लवकर माजावर येतात. झेबू आणि युरोपी गुरे लाखो वर्षांपूर्वी वेगळी झालेली आणि वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळलेली, झेबू सिंधूच्या खोऱ्याकडे आणि दुसरी पश्चिम आशियात. इतक्या दूरच्या जनुकांची भेट झाली की संकरजोम जास्त येतो. पण संकरितांचा आपसात संकर केला की त्यातला बराचसा जोम उतरतो, आणि पहिल्या पिढीवर खूश झालेल्या शेतकऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही. एक चमत्कारिक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. ब्राह्मण वळू आणि युरोपी गाय असा संकर केला तर वासरे जन्मतःच दांडगी निघतात. उलट केले, म्हणजे गाय ब्राह्मण आणि वळू युरोपी, तर वासरे बेताची राहतात. जनुके तीच, पण कोणाकडून आली याने फरक पडतो. आपल्याकडे संकर बहुतेक दुसऱ्या पद्धतीचा, म्हणून देवणीच्या पोटी होल्स्टिनचे वासरू असूनही गाय सहसा अडत नाही.

आता वळूंकडे. जुन्या रिवाजात चांगला भरलेला खोंड कुळवाला जुंपायचा म्हणून खच्ची होई, आणि जो राहून गेला तो कळपात फिरे. गावाने राखलेला किंवा देवाला सोडलेला वळू हा या चुकीवरचा उपाय होता, तो जिथे होता तिथे जात टिकली. ट्रॅक्टर आल्यावर हे सगळे गणित मोडले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली नर गुरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात बोलून झाले आहे. पैदाशीच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही: नर वासराच्या किलोला भाव देणारी बाजारपेठ कायद्याने उरली नाही, म्हणून नराच्या वाढीचा वेग मोजण्यात कोणाचाही आर्थिक स्वार्थ उरला नाही. मोजलेच तर ते कालवडीच्या वयासाठी मोजावे लागेल, आणि तो हिशेब शेतकऱ्याला पटवण्यासारखा आहे. त्यात लिंगनिश्चित रेतमात्रा आल्याने गोऱ्हे जन्मणेच कमी होत जाईल. थोडेच वळू रेतन केंद्रात आणि त्यांच्याच रेतमात्रा सगळीकडे, असे झाले की नात्यातले संकर वाढतात. नात्यातल्या पैदाशीचा पहिला फटका बसतो तो वासराच्या जोमाला आणि वाढीलाच.

प्रयोगशाळांचे काय? उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, जनुकांवर काम करू शकणारी माणसे आहेत. भारतात बरीच वर्षे चाललेली पद्धत अशी: वाढीच्या संप्रेरकाचे किंवा लेप्टिनचे एखादे जनुक घ्यायचे, पन्नास-शंभर जनावरांत त्याचे प्रकार मोजायचे आणि वजनाशी संबंध लावायचा. असे निबंध शेकड्यांनी निघाले. अठ्ठावन्न हजार गुरांतही ज्या परिणामांना पकडणे जड गेले ते शंभरात सापडतील, अशी आशा मला तरी ठेवता येत नाही. त्या निबंधांचा उपयोग झालाच तर जातीत कोणते प्रकार किती प्रमाणात आहेत एवढे कळण्यापुरता.

डीएनए चिपचा मार्ग याहून सरळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गुरांसाठी बनवलेली ‘इंडिगाऊ’ चिप ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली, तिच्यावर ११,४९६ खुणा आहेत. पुढे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ‘गौ चिप’ सुरू केली. चिप एका नमुन्यातून हजारो खुणा वाचते, आणि त्या सगळ्यांची मिळून बेरीज करून वासरू जन्मतःच त्याचा अंदाज सांगता येतो. पण ही बेरीज करायला प्रत्येक खुणेचे मोल आधी माहीत असावे लागते, आणि ते मोल ठरते त्याच जातीच्या, त्याच परिस्थितीत वाढलेल्या, वजन केलेल्या हजारो जनावरांवरून. होल्स्टिनवरून काढलेले मोल देवणीला लावले तर अंदाज जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण दोघांत खुणा आणि जनुके यांची सोबत वेगळी असते. चिप विकत मिळते. देवणीच्या पाच हजार कालवडींची वजने विकत मिळत नाहीत.

ब्राझीलने ती कमावली. आंध्रातली ओंगोल गुरे तिकडे गेली आणि तिथे ‘नेलोरे’ झाली. उबेराबा शहरातल्या झेबू पैदासकारांच्या संघटनेने अनेक दशके वासरांची वजने नोंदवली. आज वीस कोटींहून जास्त गुरे असलेल्या त्या देशात मांसाच्या कळपांत नेलोरेच सर्वाधिक आहे. मांसाच्या बाजारामुळे त्यांना काट्याची गरज होती, हे खरे. आपल्याकडे कृष्णाकाठची भारदस्त जात, जिचे रक्त अमेरिकी ब्राह्मणमध्ये गेले, ती तिच्याच खोऱ्यात आता शोधून काढावी लागते. तिला काळ्या जमिनीत नांगर ओढण्यापलीकडे काम नव्हते, आणि ते काम गेले.

काटा नसला म्हणून अडते असे नाही. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये शिंप्याच्या टेपने घ्यावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि १०,८४०ने भागावे. घेर १५० आणि लांबी १२५ असलेली कालवड सुमारे २६० किलोंची निघते. हे सूत्र युरोपी गुरांवर बसवलेले आहे, वशिंड असलेल्या जनावरात ते थोडे चुकते, आणि देवणी-कंधारीसाठी वेगळा भाजक काढणे हे उदगीरच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे चांगले काम होईल. चूक सगळ्यांत सारखी असेल तर निवडीला ती फारशी आड येत नाही. कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी वासराच्या कानात बिल्ला मारायला जातोच. त्याच वहीत बापाचा क्रमांक, जन्मतारीख आणि वर्षाच्या वयाला घेतलेला छातीचा घेर असे आणखी तीन रकाने लागतात. असे रकाने भरलेल्या चार-पाच हजार नोंदी कंधार-मुखेड आणि देवणी-उदगीर या दोन पट्ट्यांतून जमल्या, की वाशिमला सुरू झालेल्या चिपला वाचण्यासारखे काहीतरी मिळेल.